दोन पावलं पुढे

"आई, कपाळावरची आठी काढ. सगळे बघतायत," लेक माझ्या कानाशी लागून म्हणाली.

"बघू देत. माझी आठी आहे, कुणाची उसनी आणलेली नाही."

पण तिचं खरं होतं. सभागृहात पहिल्या रांगेत, अगदी मधोमध मला बसवलं होतं आणि समोर व्यासपीठावर ह्यांचा फोटो होता, माणसाएवढा मोठा, फुलांनी वेढलेला. फोटोत हे हसत होते. फोटोच्या एका बाजूला मास्तरांची खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्यातल्या सिस्टरची. सिस्टर वर आणि बायको खाली. मग कपाळाला आठी पडणार नाही तर काय, गालाला खळी पडणार?

मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, आमच्या वस्तीच्या सेवा मंडळाचे अध्यक्ष. हातात माइक आला की त्यांना समोर वर्ग दिसायला लागतो. "कॅप्टन," ते म्हणाले, "एका घराचे नव्हते. ते आपल्या सगळ्यांचे होते." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नवरा सगळ्यांचा होता हे ऐकून घ्यायचं, आणि वर टाळ्याही वाजवायच्या.

हे कॅप्टन कधीच नव्हते. पलटणीत साधे शिपाई म्हणून लागले, बढती मिळत मिळत जिथे पोचले तिथून कॅप्टन बराच लांब होता. पण नोकरी संपवून घरी आले आणि वस्तीने त्यांना कॅप्टन करून टाकलं. सरकारने दिलं नाही ते लोकांनी दिलं, आणि ह्यांनीही नको म्हटलं नाही.

आमची वस्ती चढावर आहे. गाडी खाली रस्त्यापर्यंतच येते. तिथून वर घरांपर्यंत पायऱ्यांची वाट, वळणं घेत जाणारी. पूर्वी कुणी आजारी पडलं की खुर्चीत बसवून नाहीतर चादरीच्या झोळीत घालून खाली आणायचे. ह्यांनी आल्या आल्या कुठून तरी एक जुनं स्ट्रेचर मिळवलं, वस्तीतली धडधाकट माणसं गोळा केली आणि त्यांना शिकवलं. उतरताना पुढच्यांनी दांडे खांद्यावर घ्यायचे, मागच्यांनी हात खाली सोडायचे, म्हणजे पेशंट आडवाच राहतो. चढताना त्याच्या उलट. सरावासाठी पेशंट कुठून आणणार? मग पाण्याने काठोकाठ भरलेला टोप स्ट्रेचरवर ठेवायचे. पाणी सांडलं की पुन्हा वरून सुरुवात. टोप अर्थातच माझ्या स्वयंपाकघरातला. त्याला इतके पोचे आले की शेवटी तो बसायचा बंद झाला, नुसता डुलायचा.

शिवाय दरवर्षी पायऱ्यांच्या कडा चुन्याने रंगवायचे, अंधारात उचलणाऱ्यांचा पाय चुकू नये म्हणून. वस्तीच्या पायऱ्या पांढऱ्याशुभ्र, आणि माझं स्वयंपाकघर धुराने काळंठिक्कर. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ना, ह्यांनी आधी लष्करात जाऊन भाजल्या आणि मग घरी येऊन गावाच्या भाजल्या. मी कधी बोलले की म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." ते वर्ष काही आलं नाही.

आता एकेक जण उठून बोलायला लागला. बेकरीवाली म्हणाली, तिचं बाळंतपण अडलं तेव्हा कॅप्टनांनी सगळ्या वाटेत तिला गोष्टी सांगून हसवलं. मला बाळंतपणाच्या वेळी तार आली होती, 'आनंद झाला' एवढीच. न्हावी म्हणाला, त्याचा पाय मोडला होता तेव्हा कॅप्टन रोज सकाळी येऊन त्याला पेपर वाचून दाखवायचे. माझ्यासमोर पेपर उघडला की तो थेट नाकापर्यंत जायचा आणि त्यामागून फक्त "हं" ऐकू यायचं. न्हाव्याला बातम्या, मला पेपरची मागची बाजू. ऐकता ऐकता माझ्या पोटात असं दुखायला लागलं की लेकीने पाण्याची बाटली पुढे केली.

"काय होतंय आई?"

"काही नाही. तुझ्या बाबांचं कौतुक पचत नाहीये."

मग सिस्टर उठली.

सिस्टर म्हणजे खालच्या दवाखान्यातली नर्स. आता निवृत्त आहे, केस पांढरे झालेत, पण पाठ अजून ताठ आहे. लग्न केलं नाही तिने. स्ट्रेचर निघालं की तिला निरोप जायचा आणि ती पिशवी घेऊन वर यायची. पेशंटच्या शेजारून, मनगट हातात धरून, खाली गाडीपर्यंत चालायची. सगळी वर्षं तिने हे केलं, कुणी एक पैसा न देता. तिला नावं ठेवायला जागाच नाही, हाच तर माझा त्रास. बाई जरा वाईट असती तर मला केवढं बरं झालं असतं!

"आम्ही ठरवलं होतं," सिस्टर माइकवर म्हणाली, "की एकही पेशंट थांबता कामा नये. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा..."

आम्ही. आम्ही ठरवलं, आम्ही गेलो, आम्ही थांबलो. तो शब्द ती इतका सहज उच्चारत होती, जसं कुणी स्वतःच्या घराचा दरवाजा ढकलून आत जावं. मी फोटोकडे बघितलं. हे हसतच होते.

पेशंटला गाडीत घालून दोघं परत वर यायची तेव्हा मी खिडकीतून बघायची. स्ट्रेचर माणसांकडे दिलेलं असायचं आणि ही दोघं मागून निवांत. बरोबरीने. एका पायरीवर दोघांचे पाय. हे हात हलवून काहीतरी सांगताहेत, ती मान मागे टाकून हसते आहे. ह्यांना इतकं बोलता येतं हे मला त्या खिडकीतूनच कळलं. मी पटकन पडदा ओढायची आणि दार वाजलं की विचारायची, "जेवणार की बाहेरच पोट भरलं?"

आणि माझ्याबरोबर? माझ्याबरोबर हे कधी चाललेच नाहीत. कायम पुढे. दोन पावलं पुढे.

लग्न झालं आणि गाडीतून उतरून आम्ही ह्यांच्या गावच्या घरी निघालो, तेव्हापासूनचं आहे हे. शेताडीतली वाट होती, दोघं सहज मावतील एवढी रुंद. माझ्या मनात काय काय होतं! हात धरतील, निदान पिशवी घेतील. पिशवी घेतली. मग म्हणाले, "माझ्या मागून ये. इकडंतिकडं पाय टाकू नकोस." आणि पाठ करून चालायला लागले. नव्या नवरीने नवऱ्याची पाठ बघत सासर गाठलं.

एकदा रजेवर आलेले असताना आम्ही ओढ्याकडून येत होतो. कडेच्या झुडपाला पिकलेली बोरं लटकली होती. मी वाट सोडून गवतात एक पाऊल टाकलं. पान चुरचुरलं तसे हे गर्रकन वळले आणि ओरडले, "हलू नकोस! जागची हलू नकोस!" आणि माझा दंड असा पकडला की दुसऱ्या दिवशी काळा-निळा झाला होता. चेहरा पांढराफटक. मी घाबरले, मग रडले, मग संतापले.

"मी काय तुमची पलटण आहे? बोरं तोडायलाही हुकूम लागतो का?"

त्यांनी दंड सोडला. पुन्हा पुढे होऊन चालायला लागले. त्यांचे हात थरथरत होते. मी म्हटलं, रागाने थरथरताहेत. एवढा राग, बायकोने बोराला हात लावला म्हणून! त्या दिवसापासून मी बरोबरीने चालायचा नाद सोडला. टोमणे मात्र सोडले नाहीत. कुणाकडे गेलो की मुद्दाम म्हणायची, "हे पोचलेत ना? मग मी येतेच मागून, सामानाबरोबर."

पण शेवटच्या दिवसाचं मला टोमण्यातही बोलता येत नाही. गेल्या थंडीत ह्यांच्या छातीत कळ आली. ह्यांचंच स्ट्रेचर, ह्यांनीच तयार केलेली माणसं. पुढच्यांनी दांडे खांद्यावर घेतले, मागच्यांनी हात सोडले, हे आडवेच राहिले. पाण्याचा थेंब सांडला नसता. शेजारून सिस्टर, ह्यांचं मनगट हातात धरून. वाट अरुंद, शेजारी एकच माणूस मावतो. मी मागून. खालच्या वळणावर सिस्टरने मनगट हलकेच खाली ठेवलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला कळलं. ह्यांचा शेवटचा ठोका तिच्या बोटांखाली पडला. माझ्या वाट्याला तिथेही मागचंच आलं.

आज त्याच वाटेला ह्यांचं नाव द्यायचं होतं. वर टोकाला दगड बसवून त्यावर कापड टाकलेलं होतं. सभा संपली की सगळ्यांनी पायऱ्या चढून जायचं आणि कापड काढायचं. मास्तरांनी माइकवर सांगितलं, "चालताना सर्वांत पुढे आदरणीय सिस्टर आणि वहिनी असतील." सिस्टर आधी, वहिनी नंतर. मी लेकीकडे बघितलं.

"मी नाही येणार वर," मी म्हटलं.

"आई!"

"गुडघा दुखतोय."

"सकाळपर्यंत तर ठीक होता."

"सकाळपर्यंत मास्तरांनी तोंड कुठं उघडलं होतं?"

मी खरंच उठून जाणार होते. जन्मभर त्यांच्या मागे चालले ते चालले, आता त्यांच्या नावाच्या वाटेवर तिच्या जोडीने, वस्तीसमोर, अर्धी-अर्धी बायको असल्यासारखी मी चालणार नव्हते. चप्पल पायात सरकवतच होते, तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि कुणीतरी खटखट करत मधल्या वाटेने आलं.

म्हातारा होता. हातात काठी, एका पायात बूट आणि दुसरा पाय बुटासकट लाकडी. दमला होता. "उशीर झाला," तो मास्तरांना म्हणाला, "गाडी चुकली. दोन शब्द बोलू द्या. मी त्याच्या पलटणीतला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर्षातून एकदा हे दोन दिवस कुणा मित्राकडे जायचे. मला कधी नेलं नाही, आणि मीही मानापायी कधी विचारलं नाही. तो मित्र हा. म्हणजे सिस्टर एक, वस्ती दुसरी आणि हा तिसरा वाटेकरी निघाला! मी पुन्हा खुर्चीत बसले. बघू तर खरं, ह्याच्या वाट्याला काय काय गेलंय ते.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला, "मी पायाचं सांगतो." आणि काठीने लाकडी पायावर ठोकलं.

"आमचं काम सुरुंग काढायचं. जमिनीत पुरलेले. सगळ्यात पुढं एक जण, हातात सळई. ती तिरकी धरून, हळूच टोचत टोचत जायचं. तेवढी वाट मोकळी झाली की दोन्ही बाजूंनी पांढरी फीत लावायची. मागच्यांनी काय करायचं? पुढच्याच्या पावलावर पाऊल. बस्स. शहाणपणा करायचा नाही. पुढं बहुतेक हाच असायचा.

"एकदा मी शहाणपणा केला. ऊन फार होतं, बाजूला झाडाची सावली होती. एक पाऊल टाकलं बाहेर." त्याने पुन्हा लाकडी पायावर ठोकलं. "हा दोन पावलं पुढं होता. मागं फिरला, मला पाठीवर घेतलं आणि आपल्याच ठशांवर पाय ठेवत मला बाहेर आणलं. चूक माझी होती. पण हा कायम म्हणायचा, माझे कान कुठं होते? तुझं पाऊल बाजूला पडलं ते मला ऐकू यायला हवं होतं."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तेव्हापासून ह्याला खोडच लागली. ज्याच्या जिवाची धास्ती वाटेल त्याच्या पुढं चालायचं. मी दवाखान्यात ह्या पायावर चालायला शिकत होतो, तर हा पुढं. म्हटलं, बाबा रे, हा व्हरांडा आहे, फरशी आहे, इथं कुठला सुरुंग? तर म्हणाला, मला कळतंय रे, पण पायांना कळत नाही."

लोक हसले. मला हसू आलं नाही.

"मग लग्न झालं. मला भेटायला आला, तोंड पाडून. म्हटलं, काय झालं? म्हणाला, बायको रागावते. म्हणते बरोबरीनं चाला. पण ती शेजारी आली की माझी छाती धडधडायला लागते, जमिनीशिवाय काही दिसत नाही. म्हटलं, मग सांगून टाक की तिला. तर म्हणतो कसा, सांगितलं तर तीही जमिनीकडं बघून चालायला लागेल. तिला इकडंतिकडं बघत चालायला आवडतं. बघू दे तिला." म्हाताऱ्याने सभागृहावरून नजर फिरवली. "वहिनी कोण?"

कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने मला नमस्कार केला आणि खटखट करत जाऊन खाली एका रिकाम्या खुर्चीत बसला.

लेक हमसून हमसून रडायला लागली. मागे नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मास्तरांनी चष्मा पुसला. सगळ्यांना वाटलं मीही रडत असेन. मी रडत नव्हते. मला असा संताप आला होता की फोटोतल्या त्या हसऱ्या माणसाला हलवून विचारावं, ही माझी गोष्ट होती ना? माझी एकटीची? मग ती ह्याच्याकडे का ठेवलीत? मी घरात बसून दात-ओठ खात होते आणि माझं जे होतं ते तुम्ही दुसऱ्या गावात, एका लाकडी पायाच्या माणसाकडे ठेव म्हणून ठेवलंत? आणि ते आज सगळ्या वस्तीसमोर माझ्या हातात आलं, बेकरीवालीच्या आणि न्हाव्याच्या बरोबरच!

आणि दुसरीही एक गोष्ट डोक्यातून जाईना. मला इकडेतिकडे बघत चालायला आवडतं हे ह्यांना कसं ठाऊक? मागे वळून तर कधी बघितलं नाही.

सभेनंतर व्हरांड्यात चहा होता. मी खांबाशी कप घेऊन उभी होते. माणसं येऊन हात जोडून जात होती. सिस्टर आली आणि शेजारी उभी राहिली. तिच्या कपातला चहा तसाच होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला माहीत आहे. खिडकीचा पडदा दिसायचा मला."

मी तिच्याकडे बघितलं. "मग हसायच्या कशाला एवढ्या?"

"विनोद सांगायचे ते. पलटणीतले. तेच तेच." ती थोडं हसली. "मला वाटायचं, हा माणूस मला बरोबरीची मानतो. तुमच्या पुढं चालतात, माझ्या शेजारून चालतात. फार बरं वाटायचं मला त्याचं. घरी गेल्यावरही आठवायचं. आज कळलं, माझ्या शेजारी त्यांच्या छातीत काही धडधडत नव्हतं."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, ताप किती आहे ते सांगावं तशी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चांगला पोटभर झाला. इतकी वर्षं जी बाई माझ्या डोळ्यात खुपत होती ती माझ्याच शेजारी येऊन माझ्यावर जळत होती. कुणाला मिळतं असं? पण तो आनंद एका घोटापुरताच टिकला. तिची ती ताठ पाठ जरा वाकलेली दिसली, आणि मला वाटलं, आता संध्याकाळी ही घरी जाईल, दिवा लावील आणि आठवायला बसेल, तेव्हा हिच्याजवळ काय उरलं?

"चहा गार झाला तुमचा," मी म्हटलं. "दुसरा घ्या."

"नको."

"घ्या हो. साखर घातलेला आहे, आज चालेल."

मी तिचा कप घेतला आणि भरून आणून दिला. ती प्यायली. मग मला विचारावंसं वाटलं ते मी विचारून टाकलं. "त्या दिवशी, वळणावर. काही म्हणाले का?"

"नाही. फक्त कान देऊन होते." तिने कप खाली ठेवला. "मला वाटलं, मी काही बोलावं म्हणून. म्हणून मी बोलत राहिले. तर त्यांनी मला बोटानं गप्प केलं. मागचं काहीतरी ऐकत होते."

मागे मी होते. त्या दिवशी घाईत माझ्या पायात ह्यांचेच सॅंडल आले होते, मोठे, फटक फटक वाजणारे.

मास्तर लगबगीने आले. "चला, चला. उजेड आहे तोवर वर पोचू. सिस्टर, वहिनी, तुम्ही पुढं. बॅनरवाले तुमच्या पुढं राहतील, म्हणजे फोटो नीट येईल."

पायऱ्यांच्या तळाशी सगळी वस्ती जमली होती. चुना या वर्षी कुणी लावला नव्हता, कडा पुसट झाल्या होत्या. बॅनर धरलेले दोघं पहिल्या पायरीवर चढले. सिस्टर पुढे झाली, मग थांबली, आणि माझ्यासाठी बाजूला सरकली.

"वहिनी, चला ना," मास्तर म्हणाले.

माझा पाय उचलेना. गुडघ्याचं नव्हतं ते. ह्या वाटेवर मी आयुष्यात कधी पहिली चालले नव्हते. समोर पाठ नसली की पाय कुठे टाकायचा हेच मला कळत नव्हतं. वस्तीला ह्यांचा चेहरा ठाऊक होता, हसरा, फोटोतला. मला पाठ ठाऊक होती. डावा खांदा किंचित खाली, मानेवर उन्हाने रापलेली रेघ, उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली. आणि प्रत्येक वळणावर ती पाठ थांबायची. मी समजायची, दमले. वळायचे नाहीत, नुसते थांबायचे. मी कुणाच्या कुंडीतलं फूल बघत, कुणाच्या मांजराशी बोलत रेंगाळलेली असायची. माझी चप्पल जवळ वाजली की पाठ पुन्हा चालायला लागायची.

"बॅनर मागं घ्या," मी म्हटलं.

"अहो वहिनी, पण फोटोत..."

"मास्तर, बॅनर मागं घ्या. माझ्या पुढं कुणी नको."

मास्तरांनी हाताने खूण केली. बॅनर मागे गेला. सिस्टरही मागे जायला निघाली.

"तुम्ही नाही," मी तिला म्हटलं. "तुम्ही शेजारून चला. तुमची सवय आहे."

मी समोरच्या दोन पायऱ्या ह्यांच्यासाठी सोडल्या. डोळ्यांनीच सोडल्या, आणि थोडं थांबून मग पहिल्या पायरीवर पाय ठेवला. सिस्टर माझ्या बरोबरीने. मागून लोक, लेक, खटखट करणारा तो म्हातारा. मी घाई केली नाही. बेकरीच्या खिडकीत वाळत घातलेले फडके बघितले. न्हाव्याच्या दाराशी नवीन रंग लावला होता, तो बघितला. कुणाच्या तरी गच्चीवर कबुतरं बसली होती, ती किती आहेत ते बघायला मान वर केली.

पहिल्या वळणावर मी थांबले. माझ्याबरोबर सिस्टर थांबली, मागे मास्तर थांबले, सगळी वस्ती थांबली. खालच्या पायऱ्यांवर त्या लाकडी पायाचा आवाज हळूहळू जवळ येत होता. तो येऊन पोचेपर्यंत मी तशीच उभी राहिले, समोरच्या रिकाम्या दोन पायऱ्यांकडे बघत. मग त्या पायऱ्यांवरची पाठ चालायला लागली, आणि मी मागून पाऊल टाकलं.